तिसरं उत्तर

सोलापूर
२५ फेब्रुवारी १९७९

चि. रामहरी यास अनेक आशीर्वाद.

दिवाळीपासून तुला पत्र नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागते. तुझी दोन पत्रं आली, ती पोचल्याचंसुद्धा मी कळवलं नाही. कारण म्हणशील तर काम. पण ते कारण मला स्वतःलाच पटत नाही. रोजनिशी लिहायला वेळ मिळतो, मग मामेभावाला कार्ड टाकायला का मिळू नये? बहुधा असं असावं, की तुमच्या कंपनीचं यंत्र इथे आल्यापासून तुला पत्र लिहायचं म्हणजे तक्रार करायची असं होऊन बसलं होतं, आणि ते मला नको होतं.

आता तक्रारच करते. तुमचा संगणक बॉयलरघराच्या शेजारच्या खोलीत बसवला आहे हे तुला ठाऊक आहेच. गिरणीत गणित घेऊन बी.एस्सी. झालेली मी एकटी, म्हणून सूत तपासणीच्या खात्यातून उचलून मला त्याच्यापुढे आणून बसवलं. तीन बॉयलर, प्रत्येकातलं पाणी किती उंचीवर आहे आणि वाफेचा दाब किती, हे यंत्र दर मिनिटाला वाचतं आणि टेलिप्रिंटरवर छापतं. चालतं तेव्हा मला खरंच कौतुक वाटतं. पण हल्ली ऊन तापायला लागल्यापासून दुपारी मध्येच 'मेमरी फॉल्ट' एवढं छापतं आणि गप्प होतं. मग ती भोकांची कागदी फीत पुन्हा पहिल्यापासून भरायची. त्यात अर्धा तास जातो.

बॉयलर सांभाळणारे धुळाप्पा माझी रोज थट्टा करतात. मूळचे मेंढरं राखणाऱ्या घरातले, आता कुंभारीला राहतात आणि सायकलवरून कामाला येतात. काल खिडकीत डोकावून म्हणाले, "काय बाई, जनावर आज बी बसलं व्हय? जरा पेंड घालून बघा की." ते आणि त्यांचा जोडीदार जोतीराम आळीपाळीनं बॉयलरला लावलेल्या काचेच्या नळीतलं पाणी बघत असतात, त्यामुळे यंत्र बसलं तरी गिरणीचं काही अडत नाही. अडतं ते माझं. आमचे मॅनेजर बिराजदारसाहेब म्हणतात, वर्षभर फुकट दिलंय म्हणून ठेवलंय, सारखं थांबणार असेल तर परत पाठवीन.

तू दिलेल्या कागदात डीबगरबद्दल एक पान आहे. प्रत्येक सिग्नलसाठी तो तीन प्रश्न विचारतो: थांबवू का? सांगू का? प्रोग्रामकडे पोचवू का? तू आधी भरून दिलेलं सोडून मी बाकी सगळीकडे 'हो' म्हटलं आहे. कुणी एवढं विचारतंय तर नाही कशाला म्हणा, असं वाटलं. ते चुकलं का? मला समजेल असं लिही.

माझ्या रोजनिशीच्या प्रत्येक पानाखाली मी दुसऱ्या दिवसाचं एक काम लिहून ठेवते. एकच, म्हणजे ते होतं. सवयीनं इथेही लिहिते.

उद्या: हे पत्र टपालात टाकणे.

तुझी,
विजूताई


हैदराबाद
३ मार्च १९७९

ती. विजूताईस रामहरीचा सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पाहून बरं वाटलं. तक्रार असली तरी अक्षर तुझंच आहे. बार्शीला पाटीवर गुणाकार घालून द्यायचीस तेच.

डीबगर ही वस्तू खरं तर प्रोग्राम लिहून होईपर्यंतच लागते. पण आमचा प्रोग्राम अजून नवा आहे, म्हणून डीबगर त्याच्या मागे ठेवला आहे. नवशिक्याच्या सायकलची सीट धरून कुणी मागून पळावं तसा. प्रोग्रामला वाटेत जो जो सिग्नल येतो तो आधी याच्या हातात पडतो. त्याचं काय करायचं हे तू ठरवून द्यायचंस, म्हणून ते तीन प्रश्न.

दर मिनिटाला घड्याळाचा सिग्नल येतो, 'आता वाच' एवढं सांगायला. त्याला थांबवू नको, सांगूही नको, नुसता पोचव. ते मी आधीच तसं भरून दिलं आहे, नाहीतर यंत्र मिनिटामिनिटाला थांबलं असतं. मेमरी फॉल्ट वेगळा. प्रोग्राम जेव्हा मेमरीच्या अशा घरात हात घालतो जे नाहीच किंवा बिघडलेलं आहे, तेव्हा तो येतो. त्याच्यापुढे पहिल्या प्रश्नाला 'नाही' लिही, म्हणजे यंत्र थांबणार नाही. दुसऱ्यालाही 'नाही' लिही, म्हणजे कागद खराब होणार नाही. तिसरं उत्तर मात्र 'हो' ठेव. प्रोग्रामला फॉल्ट कळला की तो ते वाचन संशयाचं धरतो आणि बॉयलरघरातली घंटा वाजवतो. तेवढी सोय मी स्वतः लिहिली आहे.

वर्षभर यंत्र न थांबता चाललं तर आणखी दोन गिरण्या ते विकत घेणार आहेत. इथे सगळ्यांचे डोळे सोलापूरकडे लागले आहेत. माझी नोकरी कायम व्हायची तीही त्यावरच.

तुझा,
रामहरी


सोलापूर
१८ मार्च १९७९

चि. रामहरी यास अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस तसं केलं. यंत्र आता थांबत नाही. पण घंटा!

सकाळी ती मुकी असते. बारानंतर शहराचं व्होल्टेज पडतं, माझ्या खोलीतला एअरकंडिशनर धापा टाकून बंद होतो. तुमच्या यंत्राला वेगळा स्टॅबिलायझर असल्यामुळे ते चालू राहतं. आम्ही दार उघडून पंखा लावतो. मग घंटा सुरू होते ती दुपारभर, उन्हं उतरेपर्यंत. पहिल्या दिवशी धुळाप्पा आणि जोतीराम फावडी टाकून काचेकडे धावले. पाणी जागच्या जागी होतं. दुसऱ्या दिवशीही धावले. चौथ्या दिवशी जोतीराम तंबाखू मळत बसल्या जागेवरून म्हणाला, "देवळात बसल्यागत वाटतंय बगा. आरती कवा हाय?"

धुळाप्पा हसले नाहीत. म्हणाले, "बाई, येक दिस खरंच काय झालं, तर आमाला नेहमीचंच वाटंल. हे लई वंगाळ."

त्यांचं बोलणं मी बिराजदारसाहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी त्यातून निराळाच अर्थ काढला. "बरोबर आहे, ती घंटा बंदच करा. पुढच्या महिन्यात मुंबईहून डायरेक्टर येणार आहेत. त्यांच्यासमोर हा शंखनाद नको." तार तोडून टाकू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थांबा, माझ्या भावाला विचारते.

मलाही त्या घंटेचा त्रास होतो हे कबूल करते. तुला विचारताना मला धुळाप्पांची काळजी जास्त आहे की माझ्या डोकेदुखीची, हे मला नीट सांगता येत नाही.

तुझी,
विजूताई


हैदराबाद
२४ मार्च १९७९

ती. विजूताईस सा. नमस्कार.

तार तोडू नकोस. त्यापेक्षा मेमरी फॉल्टपुढच्या तिसऱ्या प्रश्नालाही 'नाही' लिही. मग फॉल्ट आला तरी डीबगर तो स्वतःजवळच ठेवील; प्रोग्रामला कळणार नाही, घंटा वाजणार नाही. ज्या मिनिटाला फॉल्ट येईल त्या मिनिटाचं वाचन तेवढं होणार नाही, त्या जागी आधीचा आकडा राहील आणि तोच छापला जाईल. पुढच्या मिनिटाला नवा येईल. बॉयलरमधलं पाणी एका मिनिटात कुठे जातं?

मी इथल्या साहेबांना विचारूनच हे लिहीत आहे. त्यांचंही मत असंच पडलं.

खोली थंड ठेवता आली तर पाहा.

घाईत आहे. तुझा,
रामहरी


सोलापूर
१५ एप्रिल १९७९

चि. रामहरी यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या तिसऱ्या उत्तरानं जादू केली. यंत्र इतकं शांत झालं आहे की माझा विश्वास बसत नाही. भर दुपारीसुद्धा एका सुरात छापत असतं. डायरेक्टर येऊन गेले, कागदावर बोट फिरवून म्हणाले, "उत्तम." बिराजदारसाहेबांनी प्रथमच मला खुर्चीवर बसा म्हटलं. धुळाप्पांनीही प्रमाणपत्र दिलं: "जनावर गुनी झालं की वो बाई. चाबूक मारला का काय?"

तुला दाखवायला कालच्या दुपारचा कागद सोबत जोडते आहे. बघ कसे एकाखाली एक आकडे पडले आहेत.

बाकी इकडची हकीकत अशी, की पाणी बघायला यंत्र असताना दोन माणसं कशाला म्हणून साहेबांनी जोतीरामला रुईच्या खात्यात पाठवलं. धुळाप्पांना तिन्ही भट्ट्यांत कोळसा एकट्यानं टाकावा लागतो. काचेपाशी उभं राहायला फुरसत नसते. म्हणून आम्ही दोघांनी एक रीत पाडली आहे. ते फावडं मारता मारता ओरडतात, "बाई, दोन नंबरचं पानी काय म्हनतंय?" मी कागद बघून खिडकीतून सांगते, "ठीक आहे!" दिवसातून कितीदा तरी. घसा बसतो, पण आपला उपयोग होतोय याचं समाधान वाटतं. इतकी वर्षं मी सुताचे तुकडे मोजले. ते कुणी ओरडून विचारले नव्हते.

हे समाधान जरा जास्तच होतंय का, असं रात्री रोजनिशीत लिहून खोडलं.

उद्या: घशासाठी ज्येष्ठमध आणणे.

तुझी,
विजूताई


हैदराबाद
२० एप्रिल १९७९

ती. विजूताईस,

पत्र आणि कागद मिळाला. जोतीरामला काढल्याचं तू आधी का कळवलं नाहीस?

कृपा करून दोन गोष्टी लगेच कर. तिसरं उत्तर पुन्हा 'हो' कर. आणि जोतीरामला काचेपाशी परत बसवायला साहेबांना सांग. ते होईपर्यंत खिडकीतून कुणाला काही सांगू नकोस.

कारण प्रत्यक्ष भेटीत सांगेन. पत्रात लिहिता येत नाही.

रामहरी


सोलापूर
२५ एप्रिल १९७९

चि. रामहरी यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी घाबरले, आणि मग थोडी रागावलेही. जोतीरामचं मी का कळवावं? ती गिरणीची बाब. माझ्या लेखी तिचा तुझ्या यंत्राशी काही संबंध नव्हता. आता तुझ्या पत्रावरून वाटतं, की आहे.

पत्र आल्या दिवशीच साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "पुन्हा घंटा? का?" मी म्हटलं, भावानं कळवलंय. "कारण?" मी म्हटलं, ते तो भेटीत सांगणार आहे. "बाई, तुमच्या भावाला कंपनीच्या कागदावर सहीनिशी कारण लिहून पाठवायला सांगा. डायरेक्टर उत्तम म्हणून गेलेत. घरच्या पत्रावरून मी गिरणी चालवायची का?" त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

कुणाला न विचारता मी एकटीनं ते उत्तर बदलू शकते. एक ओळ टाइप करायची असते. पण घंटा वाजली की पाच मिनिटांत साहेब खोलीत येणार, आणि मी काय सांगू? कशासाठी बदललं हे माझं मलाच ठाऊक नाही. खिडकीतून सांगणं बंद करायचा प्रयत्न केला. धुळाप्पा दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा घामानं निथळत खिडकीशी आले, "बाई, कायतरी बोला की. म्या तिकडं बगू का हिकडं?" मी कागद बघितला. म्हटलं, ठीक आहे.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर दे. कार्डावर दे, सही नको करूस. दुपारचे आकडे खरे असतात का?

उद्या: साहेबांना पुन्हा भेटणे.

विजूताई


सोलापूर
९ मे १९७९

रामहरी,

तुझं उत्तर आलं नाही. मी रोज पोस्टमनची वाट पाहिली. साहेब लग्नासाठी गावी गेले होते, म्हणून मी त्यांना पुन्हा भेटले नाही. दोन्ही कारणं खरी आहेत, आणि दोन्ही लिहिताना मला लाज वाटते.

शुक्रवारी दुपारी, ऊन डोक्यावर असताना, दोन नंबरला पाणी घालणारा पंप बंद पडला. ते कुणालाच कळलं नाही. भट्टीच्या माथ्यावर शिशाचा एक प्लग असतो. पाणी त्याच्याखाली गेलं की शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत शिरून आग विझवते. बॉयलर फुटू नये म्हणून केलेली ती शेवटची सोय. तिनं तिचं काम केलं. बॉयलर फुटला नाही. पण त्या क्षणी धुळाप्पांनी कोळसा टाकायला भट्टीचं दार उघडलेलं होतं.

त्याच्या थोडं आधी त्यांनी विचारलं होतं. मी खिडकीतून सांगितलं होतं.

दोन्ही हात आणि छाती भाजली आहे. डॉक्टर म्हणतात जगतील. हात कितपत चालतील ते सांगत नाहीत. मी दवाखान्यात गेले तेव्हा त्यांची बायको केराबाई पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या. मला बघून उठल्या, बसायला स्टूल पुसून दिलं. धुळाप्पांनी डोळे उघडले. "बाई, तुमी ठीक म्हनला हुता न्हवं?" मी 'हो' म्हणून मान हलवली. "मग माजंच कुटंतरी चुकलं आसंल," असं म्हणून डोळे मिटले.

केराबाई मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "त्येंचं चुकलं न्हाई बाई," एवढंच म्हणाल्या. मग पुन्हा वारा घालायला आत गेल्या.

आता पुढचं ऐक. बिराजदारसाहेबांनी त्या दुपारचा कागद भिंतीवर लावला आहे. त्यात दोन नंबरचं पाणी शेवटच्या मिनिटापर्यंत जिथल्या तिथे आहे. साहेब म्हणतात, पाणी होतं, मग ते एकाएकी गेलं कुठे? धुळाप्पानं पाणी सोडायचा खालचा कॉक उघडा टाकला असला पाहिजे. दुसरा अर्थ निघतच नाही. बॉयलरचे सरकारी इन्स्पेक्टर वीस तारखेला चौकशीला येणार आहेत. दोष शाबीत झाला तर धुळाप्पांची नोकरी जाईल, बॉयलर चालवायचा दाखला रद्द होईल आणि भरपाईही मिळणार नाही.

मी तो कागद भिंतीपाशी उभी राहून वाचला. एकच आकडा, बारा वाजल्यापासून. एकाखाली एक. मी तुला कौतुकानं पाठवला होता तसाच.

आता तरी लिही.

विजूताई


हैदराबाद
१४ मे १९७९

ती. विजूताई,

आता सगळं लिहितो.

आमच्या यंत्रात ज्यांच्यावर मेमरीची घरं असतात त्या पाट्या उन्हाळ्यात दगा देतात. खोली तापली की काही घरं वाचता येईनाशी होतात, गार झाली की पुन्हा नीट. कंपनीला हे जानेवारीपासून माहीत आहे. नव्या पाट्या जुलैत येणार होत्या. तोवर यंत्र थांबू द्यायचं नाही, असं ठरलं होतं.

तू लिहिलंस की घंटा दुपारभर वाजते. म्हणजे दुपारभर एकही वाचन होत नव्हतं. मी तुला लिहिलं, पुढच्या मिनिटाला नवा आकडा येईल. तो येणार नव्हता, हे मला माहीत होतं. पण ताई, शपथेवर सांगतो, काचेपाशी माणूस आहे असं मी धरून चाललो होतो. यंत्र दिखाऊ आहे, खरं पाणी जोतीराम बघतोय, मग दुपारचे चार तास आकडा गोठला तरी काय बिघडतं, असं स्वतःला समजावलं होतं. तुझा कागद आणि जोतीरामची बातमी एकाच पाकिटातून आली. तरीही तुला खरं कारण लिहिलं नाही. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं कार्ड लिहून माझ्या टेबलावर अजून पडून आहे. त्यावर 'नाही' एवढाच शब्द आहे.

इथले साहेब म्हणतात, नव्या पाट्या विमानानं मागवून गुपचूप बदलू. चौकशीत यंत्राचं नाव निघालं तर कंपनीचं हे खातंच बंद होईल. माझी नोकरी जाईल हे उघडच आहे. शिवाय सिद्ध कसं करणार? इन्स्पेक्टर सकाळी येतील, खोली गार असेल, यंत्र अगदी बरोबर आकडे दाखवील. तू मात्र तोंडघशी पडशील.

गप्प राहा असं मी तुला म्हणत नाही. पण थोडं सांभाळून घेता आलं तर घे. माझी ईश्वरी यंदा शाळेत जायची आहे.

तुझा,
रामहरी


सोलापूर
१९ मे १९७९

चि. रामहरी यास,

अनेक आशीर्वाद. हा शब्द लिहावा की नाही याचा विचार करत बराच वेळ बसले. लिहिला, तो खरा आहे.

तुझं पत्र मी चौकशीत दाखवणार नाही. मला खरं कळावं म्हणून तू ते लिहिलंस, तुझ्या गळ्यात बांधण्यासाठी नाही. आज सकाळी चुलीत घातलं. तुझ्याबद्दल मला कुणी विचारलं तर मात्र खोटं बोलणार नाही. ईश्वरीचं नाव तू शेवटच्या ओळीत घातलंस, ते घालायला नको होतं. धुळाप्पांना दोन मुली आहेत. त्यांची नावं मला दवाखान्यात पहिल्यांदा कळली.

सांभाळून घेणं म्हणजे काय, यावर मी तीन रात्री विचार केला. एक आणि तीन नंबर आजही चालू आहेत. धुळाप्पांच्या जागी माढ्याकडचा एक नवा माणूस आला आहे. त्याला कुणीतरी आमची रीत सांगितली असावी. परवा दुपारी तोही ओरडला, "बाई, पाणी?" मी उठून बाहेर गेले आणि त्याच्या शेजारी काचेपाशी उभी राहिले, संध्याकाळपर्यंत. काल आणि आजही तेच केलं. साहेबांनी विचारलं, खोली सोडून इथे काय करताय? मी म्हटलं, पाणी बघतेय. खोलीची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. बहुधा त्यांना वाटतं, या बाईचा धक्का उतरेल हळूहळू.

यंत्र खरं बोलत नाही हे सिद्ध कसं करणार, असं तू विचारलंस. तूच सांगितलंस कसं ते. गार खोलीत बरोबर, तापल्या खोलीत गोठलेलं.

दोन नंबर दुरुस्त झाला आहे. गळतो का ते पाहायला उद्या सकाळी इन्स्पेक्टरांसमोर त्यात गार पाणी भरणार आहेत. आग नाही, वाफ नाही. कुणाला इजा व्हायची भीती नाही. सकाळी यंत्र ते पाणी बरोबर दाखवील. साहेब खूश होतील. जेवण होईपर्यंत मी काही बोलणार नाही. मग इन्स्पेक्टरांना म्हणेन, तासाभरानं पुन्हा या खोलीत या. तोवर खोली तापलेली असेल. ते आले की जोतीराम खालचा कॉक उघडील आणि सगळं पाणी जमिनीवर सोडून देईल. त्याला मी एवढंच सांगितलं आहे. तो म्हणाला, "बाई, आवंदा आरती आपनच करायची का?" आणि मग माझा चेहरा बघून कॉकचा पाना शोधायला गेला. त्या वेळात एक आणि तीनच्या काचेपाशी नवा माणूस आणि त्याच्या जोडीला आणखी एकजण उभा राहील, हे मी बघितलं आहे.

काचेत पाणी नसेल. कागदावर असेल. इन्स्पेक्टरांनी एका डोळ्यानं काच बघावी आणि एका डोळ्यानं कागद. मला वेगळं काही बोलावं लागणार नाही.

बोलावं लागेल ते एवढंच, की तिन्ही प्रश्नांपुढे 'नाही' टाइप करणारं बोट माझं होतं आणि खिडकीतला आवाजही माझा. तेही मी सांगणार आहे. साहेब म्हणतील, बाईंनी यंत्र मुद्दाम तापवलं, घातपात केला. म्हणू देत. खरंच मुद्दाम तापवणार आहे.

भीती एकाच गोष्टीची वाटते. उद्या नेमकं आभाळ आलं, नेमका वारा सुटला, त्या पाट्या तेवढ्या तापल्या नाहीत, आणि भर दुपारी यंत्रानं बरोबर आकडा छापला तर? मग पाणी गेलं की कागदावरही जाईल, सगळे माझ्याकडे बघतील, आणि धुळाप्पांच्या बाजूनं पुन्हा कुणाला तोंड उघडता येणार नाही. आयुष्यात प्रथमच मी एखादी वस्तू बिघडावी म्हणून प्रार्थना करते आहे.

व्होल्टेजवर मात्र विसंबणार नाही. कधी नव्हे ते उद्याच ते टिकायचं.

दुपारी दवाखान्यात गेले होते. धुळाप्पांना भरवताना केराबाई म्हणाल्या, "उद्या काय हुईल वो?" मी नेहमीचे दोन शब्द बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, माहीत नाही.

उद्या: बारा वाजता माझ्या खोलीतला एअरकंडिशनर बंद करणे.